एकतीस किलोंची बादली

१

ही गोष्ट कुणालाही खरी वाटणार नाही, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. दागिने चोरीला गेले म्हटलं की लोक मान डोलावतात, खून झाला म्हटलं की खुर्ची पुढे ओढतात. पण एका स्वयंपाकघरात भरदिवसा कुणीतरी पंचवीस किलो कचरा गुपचूप आणून ठेवला, नेला नव्हे, आणून ठेवला, आणि त्यावरून दोन जावांची नोकरी जायची वेळ आली, असं म्हटलं की ऐकणारा सांगणाऱ्याच्या तोंडाचा वास घेतो. खुशाल घ्या. कचरा खरा, वजन खरं, आणि त्या दिवशी तिथं जितका जळफळाट झाला त्यावर नऊशे माणसांचा भात शिजला असता, हेही खरं.

नऊशे माणसं तिथं रोज दुपारी जेवायची. कारखान्याच्या आवारातलं ते स्वयंपाकघर इतकं लांब होतं की या टोकाला कांदा चिरला तर त्या टोकाच्या माणसाच्या डोळ्यांत पाणी यायला सव्वा मिनिट लागे. या टोकाला थोरली, भात आणि भाज्या. त्या टोकाला धाकटी, सूप आणि पाव. दोघी दोन भावांच्या बायका. थोरलीची तिथं वीस वर्षं झाली होती, धाकटीची सहा. धाकटीला सुरी कशी धरायची हे थोरलीनंच शिकवलं होतं, आणि आयुष्यात केलेल्या चुकांमध्ये ती ही चूक पहिल्या नंबरावर धरायची.

सहा महिन्यांपूर्वी मालकीणबाई एका दुपारी कचऱ्याच्या पिंपापाशी स्टूल टाकून बसल्या आणि तासभर उठल्या नाहीत. आत काय काय जातं ते बघत राहिल्या. उठल्यावर म्हणाल्या की आपण नऊशे माणसांना जेवू घालतो आणि आणखी शंभर जणांचं रोज डुकरांना घालतो. दुसऱ्या दिवशी काटा आला. थोरलीला हिरवी बादली, धाकटीला पिवळी. नावाला बादली, आकारानं पिंपच. सकाळच्या तयारीतून जे जे फेकाल ते आपापल्या बादलीत, आणि साडेबाराला वजन. सहा महिन्यांत जिची बादली हलकी, तिच्याकडे अंगणापलीकडचं नवं स्वयंपाकघर. त्याला दोन्ही बाजूंनी खिडक्या होत्या. थोरलीच्या ओट्यासमोर वीस वर्षं बॉयलरची भिंत होती.

सुरुवातीला दोघींच्या बादल्या चाळीस-चाळीस किलो भरायच्या. मग धाकटीनं फ्लॉवरचे दांडे सुपात घातले. शिळ्या पावाचा चुरा केला. सगळं एकदम न शिजवता रांग बघून थोडं थोडं शिजवायला लागली. थोरलीनंही तेच केलं, पण प्रत्येक गोष्ट एक दिवस उशिरा, आणि ही कल्पना आपलीच होती असं सगळ्यांना सांगत. सहाव्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात थोरली नऊ किलोंवर आली होती आणि धाकटी सहावर.

शनिवारी निकाल. गुरुवारी साडेबाराला काटेवाले काकांनी हिरवी बादली चढवली. साडेआठ. त्यांचा काटा इतका नाजूक होता की कुणी शेजारी उभं राहून मोठा उसासा टाकला तरी पाच ग्रॅम चढायचे, म्हणून थोरलीला दहा पावलं लांब उभं राहायची ताकीद होती. मग त्यांनी पिवळी बादली उचलायला हात घातला आणि ती उचललीच गेली नाही. दोघांनी मिळून चढवली. काटा सहावर थांबला नाही, सोळावर थांबला नाही. एकतीसवर जाऊन थरथरत उभा राहिला.

स्वयंपाकघरातल्या सगळ्या माना आधी धाकटीकडे वळल्या, आणि मग, कुणी न सांगता, थोरलीकडे.

२

मालकीणबाईंनी आरडाओरडा केला नाही. थोरलीला ऑफिसात बोलावलं आणि सांगितलं की बादली धाकटीची, म्हणजे फसवणूक तिची. सहा महिने ती कचरा कुठेतरी लपवत असणार आणि आज लपवायला जागा मिळाली नसणार. चारपर्यंत वेगळं काही समजलं नाही तर तिला घरी पाठवणार.

थोरलीला आतून एक गार झुळूक लागली. मग मालकीणबाई पुढे म्हणाल्या, “सगळे म्हणतायत, हे तुम्ही केलंत. तसं निघालं तर तुम्हीही घरी. म्हणून शोधायचं काम तुमच्याकडेच देते. ज्याच्यावर आळ येतो तो सगळ्यात नीट शोधतो.”

थोरलीचा संताप संताप झाला. आळ आला म्हणून नव्हे. इतक्या वेंधळ्या कामाचा आळ आला म्हणून. एकदम पंचवीस किलो. आपण केलं असतं तर रोज पाव-पाव किलो वाढवत नेलं असतं. लोकांनी आपल्याला इतकं कच्चं समजावं, हे तिला लागलं.

मागच्या बोळात ताडपत्री पसरून तिनं पिवळी बादली उपडी केली. बटाट्याची सालं, कोबीची पानं, गळायला आलेले टोमॅटो, गाजराचे तुकडे आणि पाला, काळे पडलेले फ्लॉवरचे गड्डे. काटेवाले काका चष्मा पुसत शेजारी उभे राहिले.

आता एक सांगायला हवं. धाकटीच्या कचऱ्याची पारख त्या अख्ख्या आवारात थोरलीइतकी कुणालाच नव्हती. प्रेमात पडलेला माणूस दुसऱ्याकडे जितकं बघतो त्याच्या दुप्पट जळणारा माणूस बघतो. धाकटी पीलरनं बटाट्याचं साल इतकं पातळ काढायची की त्यातून पेपर वाचता यावा. हे अंदाजानं म्हटलेलं नाही. थोरलीनं एकदा तिच्या बादलीतलं साल डब्यात घालून घरी नेलं होतं आणि खिडकीशी धरून बघितलं होतं. मोठी अक्षरं स्पष्ट दिसली. त्या दिवशी ती जेवली नाही.

आणि धाकटी सालं भिजलेली बादलीत टाकत नसे. फडक्यावर पसरून पाणी निथळू द्यायची, कारण पाण्यालाही वजन असतं. हेही थोरलीनं भांड्यांच्या रॅकमागून बघितलं होतं.

ताडपत्रीवरची सालं ओली होती. आणि जाड होती. चांगली करंगळीच्या नखाएवढी जाड, पीलरची नव्हे, सुरीनं काढलेली.

थोरली मनाशी हसली. ही सालं धाकटीची नाहीत, हे तर उघड झालं. पण हसू पुरतं फुटायच्या आतच तिच्या लक्षात आलं की त्या स्वयंपाकघरात पीलर न वापरता सुरीनं बटाटे सोलणारी बाई एकच आहे.

काकांनी एक साल उचलून उजेडात धरलं. मग चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

“बाई,” ते हळूच म्हणाले, “ही तर तुमच्या हातची.”

३

काकांना थोरलीनं सांगितलं की चारपर्यंत तोंड उघडाल तर काट्याखाली कसले तुकडे घालून तुम्ही तो सरळ ठेवता ते मी उघडेन. काका लगेच विसराळू झाले. मग ती धाकटीकडे गेली.

धाकटी ओटा पुसत होती. दोन तासांनी नोकरी जाणारी बाई ओटा पुसते, तोही कोपऱ्यांतून, हे बघूनच थोरलीच्या पोटात दुखायला लागलं. रडली असती तर निदान जवळ घेतल्यासारखं करता आलं असतं.

“जाऊबाई, तुम्ही केलं नाहीत हे मला माहीत आहे,” धाकटी मान वर न करता म्हणाली.

थोरलीला बरं वाटलं, म्हणून तिनं कपाळाला आठी घातली. “कशावरून?”

“तुम्ही केलं असतंत तर बादलीत नसतं टाकलंत. माझ्या सुपात मीठ टाकलं असतंत.”

मिठाचा विचार तिच्या डोक्यात दोनदा येऊन गेला होता. एकदा तर तो चमच्यापर्यंत पोचला होता.

धाकटीकडून कळलं ते एवढं. दहाला तिनं आपला कचरा बादलीत टाकला, बादली बोळात नेऊन ठेवली आणि साडेबारापर्यंत ती सुपाच्या पातेल्यापाशीच होती. बोळाला तीन दारं. एक स्वयंपाकघराचं, एक कोठीचं, एक मागच्या फाटकाचं. कुणीही येऊ शकतं. कुणाशी भांडण? भांडण कसलं, धाकटी म्हणाली. मागच्या महिन्यात वन्सं जरा रागावल्या होत्या, तेवढंच.

वन्सं म्हणजे दोघींची नणंद. अठरा वर्षं कोठी तिच्या हातात होती. काय मागवायचं, किती मागवायचं, कुणाला किती काढून द्यायचं, सगळं तीच ठरवायची. धाकटीनं एकदा तिला नम्रपणे सुचवलं होतं की आता आमचं फारसं वाया जात नाही, तेव्हा रोजचे बटाटे पंचवीस किलो कमी मागवले तरी चालतील. वन्संनी तिला आपादमस्तक न्याहाळलं. म्हणाली, “या घरात येऊन सहा वर्षं झाली तुम्हाला, मला या कोठीत अठरा.” आणि दुसऱ्या दिवशी पाच क्रेट जास्त मागवले.

थोरलीनं हे एका कानानं ऐकलं. दुसरा कान फाटकाकडे होता, कारण तिथं खरकटं न्यायला येणारा डुकरंवाला काकांशी हुज्जत घालत होता.

त्याचा आज वार नव्हता. खरकटं आणि सालं कमी झाल्यामुळे मालकीणबाईंनी त्याचं रोजचं येणं बंद करून, या आठवड्यापासून सोमवार आणि शुक्रवार असे दोनच दिवस ठेवले होते. गडी तक्रार घेऊन आला होता. त्याचं म्हणणं, या दोन बायकांच्या काटकसरीपायी त्याची डुकरं इतकी वाळली होती की एक डुक्कर कुंपणाच्या दोन पट्ट्यांमधून आडवं न होता सरळ चालत बाहेर गेलं आणि त्यानं मागे वळूनही बघितलं नाही.

थोरलीनं त्याला बाजूला घेतलं. पंचवीस किलो कचरा वाढल्यावर सगळ्यात जास्त आनंद कुणाला होणार, तर यालाच. पण त्याला बादलीचं काही ठाऊकच नव्हतं. उलट त्यानंच विचारलं की कुंपणापाशी ठेवलेलं पोतं बंद का केलंत?

“कसलं पोतं?”

तो चपापला. मग सगळं बाहेर पडलं. गेला महिनाभर त्याला रोज सकाळी फाटकाच्या आत एक भरलेलं पोतं मिळत होतं. मऊ पडलेले बटाटे, टोमॅटो, अख्खे कोबी. कोण ठेवतं, त्यानं विचारलं नाही. फुकट मिळतंय तोवर विचारू नये, असं त्याचं मत. पण सोमवारनंतर तो आला नव्हता.

“म्हणजे मंगळवारपासून ते पोतं कुणी नेलंच नाही,” थोरली स्वतःशीच म्हणाली.

“आता ते कुठे असेल?” डुकरंवाल्यानं आशेनं विचारलं.

थोरलीनं ताडपत्रीकडे बोट दाखवलं.

४

डुकरंवाला गेल्यावर ती पुन्हा ताडपत्रीपाशी बसली. पोतं कुणाचं? अख्खे कोबी कोण टाकतं? ती आणि धाकटी तर कोबीचा दांडासुद्धा चार वेळा उलटसुलट करून बघायच्या.

हात झटकताना तिच्या मनगटाला काहीतरी हिरवं चिकटलेलं दिसलं. पिसासारखं, बारीक. तिनं ते सोडवून बोटांत धरलं.

गाजराचा पाला.

स्वयंपाकघरात गाजराचा पाला तिनं शेवटचा कधी बघितला होता, तिला आठवेना. कारण तो तिथं कधी येतच नसे. पाला ठेवला तर तो गाजरातलं पाणी ओढून घेतो आणि दोन दिवसांत गाजर दोरीसारखं वाकतं. म्हणून टेम्पोतून गाजरं उतरली की वन्सं पहिल्यांदा कोठीतच बसून सगळ्यांचे पाले मोडायची. स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत यायचं ते बोडकं गाजर. हा कचरा स्वयंपाकघरात तयारच झाला नव्हता. तो कोठीच्या दारातून आला होता.

थोरलीनं पाला पदराच्या टोकाला बांधला आणि कोठीचं दार ठोठावलं. उद्यासाठी एक क्रेट गाजरं आत्ताच काढून द्या म्हणाली.

“आज लवकर?” वन्संनी विचारलं. तिनं गाजरांचा क्रेट पुढे सरकवला. सगळी बोडकी, एका मापाची, चकचकीत. पुढच्या रांगेत सगळंच तसं होतं. कोबी असे लावलेले की शाळेचा फोटो काढायला बसवलेत. वन्संची कोठी बघायला बाहेरची माणसं यायची आणि मान हलवत जायची. फक्त बोलता बोलता वन्सं सारखी कानापाशी हात नेऊन काहीतरी उडवत होती. चिलट. एक उडवलं की दुसरं यायचं. भाजीच्या कोठीत चिलटं कुठे जमतात, हे थोरलीला कुणी शिकवायला नको होतं.

“किती टेम्पो येतात हो वन्सं हल्ली?”

“तीन. नेहमीसारखे.”

“कमी नाही केले?”

“का करू?” वन्संची हनुवटी वर गेली. “अठरा वर्षांत या कोठीत कधी काही कमी पडलंय?”

थोरलीच्या डोक्यात तिथंच हिशेब जुळला. दोघींनी मिळून रोजचा साठ-पासष्ट किलो कचरा कमी केला. म्हणजे तितका माल दोघी कमी उचलत होत्या. येणारे टेम्पो मात्र तेच. मग रोजचा तो माल जात कुठे होता? डुकरांपर्यंत आधी बादलीतून जायचा, आता पोत्यातून जात होता. मधल्या सहा महिन्यांत सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. बादल्या हलक्या झाल्या, सडणं फक्त एक दार अलीकडे सरकलं.

बोलता बोलता ती पुढच्या रांगेतून मागे सरकली आणि तिथल्या पोत्यावर सहज टेकायला हात ठेवला. हात आत गेला. मनगटापर्यंत.

तिच्या मागे कोठीच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला.

५

“बसा, वहिनी,” वन्सं म्हणाली.

थोरली बसली नाही. हात पुसायला जागा शोधत उभी राहिली.

वन्संनी नाकारलं काहीच नाही. महिनाभर तिनं पोतं कुंपणाला लावलं. मग डुकरंवाल्याचे वार कमी झाले आणि तीन दिवसांचं कोठीतच साठलं. वास सुटायला लागला. आज सकाळी पहिली पंगत बसायच्या आधी तिनं त्यातलं बादलीत मावेल तेवढं चिरलं, सोललं, सैपाकातला कचरा वाटेल असं केलं आणि साडेअकराच्या सुमारास बोळात नेऊन पिवळ्या बादलीत ओतलं.

“पिवळ्याच का?” थोरलीनं विचारलं.

वन्सं तिच्या जवळ आली. “तुमच्यासाठी, वहिनी. वीस वर्षं बॉयलरच्या भिंतीकडे बघत उभ्या राहिलात. आणि आता खिडक्या तिला? सगळे तिचं कौतुक करतात. तिची सालं, तिचं सूप, तिचा चुरा. मला नाही बघवलं.”

सहा महिन्यांत तिला एकही माणूस असं म्हणाला नव्हता. नवराही नाही. नवऱ्याला तर धाकटीचं सूप आवडायचं. आपल्या वतीनं जळणारं आणखी कुणीतरी या जगात आहे, हे कळल्यावर माणूस किती हलका होतो ते ज्याचं त्यालाच माहीत.

पण हा हलकेपणा अर्धा मिनिटच टिकला. कारण पारखी नजर एकदा लागली की ती आपल्या माणसालाही सोडत नाही.

“माझ्यासाठी केलंत,” ती सावकाश म्हणाली. “मग सालं माझ्यासारखी का काढलीत?”

वन्संचा हात कानापाशीच थांबला.

“पीलर इथं कोठीतच आहे, त्या खिळ्याला. पातळ काढता आली असती. तिच्यासारखी. सुरीनं, जाड, मुद्दाम. म्हणजे बादली तिची आणि हात माझा. एका दुपारी दोघी बाहेर. आणि आत कोण, तर तुम्ही.”

वन्संनी नजर फिरवली. बोलली तेव्हा तिचा आवाज अगदी साधा होता. पूर्वी लोक म्हणायचे, वन्संचा अंदाज कधी चुकत नाही. आता काटा आला. रोज साडेबाराला सगळे काट्याभोवती जमतात, तुम्हा दोघींची नावं घेतात. टेम्पो कमी केले असते तर ते तुमच्यामुळे कमी झाले असते. माझं नाव कुणी घेतलं असतं?

आणि मग तिनं सौदा मांडला. मालकीणबाईंसमोर ती सांगेल की धाकटीला बादली भरताना आपण डोळ्यांनी बघितलं. सालांचं कुणी विचारणार नाही, कारण काका बोलणार नाहीत, बोळातला तो दम तिनं दाराआडून ऐकला होता. धाकटी घरी जाईल. नवं स्वयंपाकघर थोरलीला. कोठीत मागे काय आहे ते थोरलीनं बघितलंच नाही, बस्स.

“दोन्ही बाजूंनी खिडक्या, वहिनी,” वन्सं म्हणाली आणि तिनं कडी काढली.

चार वाजायला दहा मिनिटं होती. थोरलीनं गाजरांचा क्रेट उचलला आणि बोळातून ऑफिसकडे निघाली. आत जाऊन आपण काय बोलणार आहोत, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं.

६

ऑफिसात पाच माणसं जेमतेम मावली. मालकीणबाई, काटेवाले काका, धाकटी, वन्सं, आणि दारात क्रेट धरून थोरली. ठरल्याप्रमाणे वन्सं पहिल्यांदा बोलली. दबक्या आवाजात, जिवावर आल्यासारखं. घरचीच आहे, पण खोटं कसं बोलू? साडेअकराला मी बोळात डोकावले, धाकट्या वहिनी बादलीपाशी वाकून भराभर टाकत होत्या.

मालकीणबाईंनी धाकटीकडे बघितलं. धाकटीनं फक्त थोरलीकडे बघितलं, आणि त्या बघण्यात विनवणी नव्हती, राग नव्हता. आता काय होणार हे तिला जणू ठाऊकच होतं.

थोरलीच्या डोळ्यांसमोर खिडक्या आल्या. सकाळचा उजेड एकीकडून, दुपारचा दुसरीकडून. एक शब्दही बोलायची गरज नव्हती. गप्प उभं राहायचं, एवढंच काम. मग तिला दिसलं की त्या खिडक्यांतून ऊन येतंय, ओटा लखलखतोय, आणि ज्या टोकाकडे बघून रोज सकाळी आपल्या अंगात ताकद येते त्या टोकाला कुणीच नाही. सहा किलोंच्या खाली जायचंय म्हणून जागं व्हायचं कारणच नाही. आणि उरलेलं आयुष्य लोक म्हणणार, थोरली जिंकली, सडक्या बटाट्यांच्या जिवावर.

“वन्सं,” ती म्हणाली, “धाकटी टाकत काय होती?”

“कचरा.”

“हो, पण काय काय? नीट बघितलंत ना तुम्ही?”

वन्सं घुटमळली, पण माल ओळखण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं आणि तो अभिमान तिला आवरेना. बटाटे, कोबी, टोमॅटो, तिनं घडाघडा सांगितलं. आणि गाजरं. गाजराचे पाले मोडून मोडून टाकत होती.

काकांनी चष्मा काढला. धाकटीनं मान वर केली. त्या खोलीत न कळलेल्या एकट्या मालकीणबाईच उरल्या होत्या, कारण त्यांनी कधी गाजर सोललं नव्हतं.

थोरलीनं क्रेट टेबलावर ठेवला. कोठीतून आत्ता काढून घेतलेली गाजरं. मग पदराची गाठ सोडून ते हिरवं पीस त्यांच्याशेजारी ठेवलं. स्वयंपाकघरात गाजरं येतात ती अशी, तिनं सांगितलं. पाला असलेलं गाजर या आवारात एकाच बाईच्या हाताखालून जातं. बाकी काही विचारायचं असेल तर कोठीत चला, पुढच्या रांगेच्या मागे. नाकाला रुमाल लावा.

मालकीणबाई गेल्या. परत आल्या तेव्हा त्यांच्याभोवती चार-पाच चिलटं होती आणि तोंड उतरलेलं होतं. चूक माझी, असं त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या. काटा बसवला तो शेवटच्या दाराशी. कोठीला बादली दिलीच नाही. ज्याचं कुणी वजन करत नाही ते वाया जातंय, हे कुणाला दिसणार?

वन्संला त्यांनी काढलं नाही. त्यांनी दिलेली शिक्षा त्याहून जड होती. कोठीला लाल बादली आली, तिचंही रोज साडेबाराला सगळ्यांसमोर वजन. आणि उद्याचा माल मागवायच्या आधी रोज वन्संनी आधी मागे उरलंय काय ते बघायचं, मग दोन्ही भावजयांकडे जाऊन विचारायचं, तुम्हाला किती हवं. दोन्ही भावजयांना. रोज. पहिल्या दिवशी विचारताना वन्संच्या तोंडाला अशी कोरड पडली की ती सव्वा घागर पाणी प्यायली म्हणतात. पण आठवड्याभरात तिनाचे दोन टेम्पो झाले. डुकरंवाल्यानं डुकरं विकून कोंबड्या घेतल्या आणि त्या कोंबड्या इतक्या गुटगुटीत झाल्या की त्यांना चालताना भिंतीचा आधार लागे.

राहता राहिलं नवं स्वयंपाकघर. त्या गुरुवारीच, ऑफिसातून सगळे बाहेर पडत असताना, मालकीणबाईंनी थोरलीला थांबवून विचारलं की आता त्याचं काय करू? थोरलीच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. तिनं पुढे होऊन धाकटीला पोटाशी धरलं, आणि भरल्या गळ्यानं म्हणाली की द्या ते हिलाच, माझ्या मनात आता तिळभरही…

“खोटं.”

खिडकीपाशी बसून इतका वेळ ही गोष्ट डोळे मिटून ऐकणारी म्हातारी बोलली होती. केस सगळे पांढरे, पण मान अजून ताठ. थोरली, खुद्द.

“पोटाशीबिटाशी काही धरलं नाही कुणी कुणाला. शनिवारला दोन दिवस बाकी होते. मी म्हणाले, दोन दिवस आणखी मोजा.” तिनं डोळे उघडले. “सुखासुखी दिलं असतं होय मी तिला?”